बरणीतलं ऊन

"मावशी, सापाची मावशी सापडली!"

भाचा ओरडत जिना चढून आला तेव्हा त्याच्या हातात लोणच्याची रिकामी बरणी होती. झाकणाला खिळ्यानं पाडलेली भोकं, तळाशी मूठभर गवत, पोळीचा तुकडा, बाटलीच्या बुचात पाणी. गवताआडून बोटाएवढी, तपकिरी, तेल चोपडल्यासारखी चकचकीत सापसुरळी आमच्याकडे बघत होती. आमच्या बडोद्यात गुजराती शेजारी तिला 'सापनी मासी' म्हणतात, सरड्याला 'काचिंडो' आणि पालीला 'गरोळी'. कारेलीबागेतल्या मराठी घरांतली मुलं दोन्हीकडची नावं सरमिसळ करून वापरतात. सापाशी तिचं नातं मावशीचं नाही, तिच्या अंगात विषही नाही. पाय आखूड आणि अंग लांबट, म्हणून पळताना ती सापासारखी वळते, इतकंच.

मी सगळी नोकरी जीवशास्त्र शिकवण्यात घालवली, तेव्हा "जा, होती तिथे सोडून ये" हे वाक्य जिभेवर तयारच होतं. पण तेवढ्यात त्यानं बरणी खिडकीत, उन्हात नेऊन ठेवली. "तिला ऊन आवडतं ना!" मी धावत जाऊन ती उचलली.

सापसुरळीला एका वाडग्यात झाकून ठेवलं आणि रिकाम्या बरणीत थर्मामीटर घालून ती परत त्याच उन्हात ठेवली. ऑक्टोबरचे दिवस, खोलीत २९ अंश. पंधरा मिनिटांत बरणीतला पारा ४६ वर गेला. बहुतेक लहान सरडेवर्गीय प्राणी ४२-४३ अंशांच्या पुढे फार वेळ तग धरत नाहीत. त्यांना घाम येत नाही, तोंड उघडून धापा टाकणं आणि सावली गाठणं एवढेच उपाय त्यांच्याकडे असतात. बरणीत सावली कुठून आणणार? भाच्याचा चेहरा उतरला. मग मात्र "सोडून ये" म्हणायला माझं मन होईना. म्हटलं, थोडे दिवस ठेवू, पण नीट ठेवू.

नीट म्हणजे काय, हे कळायला आधी 'थंड रक्ताचा प्राणी' हा शब्द डोक्यातून काढावा लागतो. पाठ्यपुस्तकांनी तो इतका रुजवलाय की निघता निघत नाही. उन्हात बसलेल्या सापसुरळीचं रक्त आपल्याइतकंच कोमट असतं. फरक आहे तो सरपणाचा. आपल्या अंगात बंब चोवीस तास पेटलेला असतो आणि खाल्लेल्या अन्नाचा मोठा वाटा त्यातच जळतो. सापसुरळीकडे बंब नाही. ती गच्चीवर हंडा ठेवून उन्हात पाणी तापवणाऱ्यांपैकी. त्यामुळे तेवढ्याच वजनाच्या उंदराला जितकं खायला लागतं त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्यात तिचं भागतं. पण हंडा सरकवायला जागा हवी. सकाळी उन्हात, तापलं की पाल्याखाली, गार झालं की परत बाहेर, असा तिचा दिवस जातो. स्नायूंचा वेग, पचन, वाढ, सगळं या येरझाऱ्यांवर चालतं. गारठलेल्या सापसुरळीनं किडा गिळलाच, तर तो पचण्याऐवजी पोटात सडू शकतो.

म्हणून माळ्यावरची दोन फुटी काचेची टाकी खाली काढली, वर जाळी बसवली. एका टोकाला फरशीचा तुकडा आणि त्यावर जाळीबाहेरून टेबललॅम्पचा चाळीस वॅटचा पिवळा बल्ब. दुसऱ्या टोकाला ओलसर माती, सुका पाला आणि एक फुटकं कौल. फरशीवर ३५, कौलाखाली २७. भाच्याला वही दिली आणि दर पाच मिनिटांनी ती कुठे आहे ते लिहायला सांगितलं. पहिला दिवसभर एकच शब्द होता: कौल, कौल, कौल. दुसऱ्या दिवशी दुपारपासून मात्र पान भरायला लागलं: फरशी, फरशी, पाला, कौल, फरशी.

या येरझाऱ्यांचा एक उपयोग १९७० च्या दशकात अमेरिकेत शरीरक्रियाशास्त्रज्ञ मॅथ्यू क्लूगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवला. तिथल्या वाळवंटी इग्वानांना, म्हणजे सरड्यांच्याच एका जातीला, त्यांनी जिवाणूंचा संसर्ग घडवला. आजारी इग्वाना नेहमीपेक्षा जास्त गरम जागी जाऊन बसू लागले आणि त्यांचं तापमान दोनेक अंशांनी चढलं. म्हणजे त्यांनी चालत जाऊन ताप आणला! ज्यांना कमी तापमानात डांबून ठेवलं, त्यांच्यातले कितीतरी जास्त दगावले. मला हा प्रयोग फार आवडतो, आणि बरणी बघितली की तोच आठवतो. बरणीतल्या प्राण्याला आजारी पडल्यावर ताप येण्याचीसुद्धा सोय नसते. रानातून आणलेल्या प्राण्याच्या अंगावर गोचिड्या आणि आतड्यात जंत बहुधा असतातच. एरवी ते निभावतं. कोंडल्याच्या ताणात तेच उलटतं.

बल्बनं ऊब मिळते, पण ऊन म्हणजे नुसती ऊब नव्हे. सूर्यप्रकाशातल्या अतिनील-ब किरणांमुळे कातडीत ड-३ जीवनसत्त्व तयार होतं आणि त्याशिवाय अन्नातलं कॅल्शियम अंगी लागत नाही. हे किरण खिडकीची काच जवळजवळ सगळेच अडवते आणि पिवळा बल्ब ते देत नाही. नऊ-दहा दिवसांत काही बिघडत नाही. पण महिनोन्‌महिने असं ठेवलं तर जबडा रबरासारखा मऊ होतो, पाय वाकतात, अंगाला थरथर सुटते. त्यात रातकिड्यांसारख्या भक्ष्यात कॅल्शियम कमी आणि फॉस्फरस जास्त. सरपटणारे प्राणी रीतसर पाळणारे लोक म्हणूनच खास अतिनील दिवे लावतात आणि किड्यांना कॅल्शियमची पूड फासतात.

खाण्याचं सोपं होतं. पोळीचा तुकडा फेकून दिला, कारण हलत नाही ते तिच्या लेखी बहुतेक वेळा अन्नच नसतं. तिच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा किडा द्यायचा नाही, हा पाळणाऱ्यांचा ठोकताळा. भाचा कंपाउंडमधून नाकतोड्यांची पिल्लं धरून आणायचा. घरातली झुरळं मी बाद केली; फवारणी कुणी कधी केली असेल याचा नेम नाही. पहिले तीन दिवस तिनं कशालाच तोंड लावलं नाही आणि भाचा रडकुंडीला आला. कमी सरपणावर चालणाऱ्या प्राण्याला तीन दिवस म्हणजे काहीच नाही. मात्र याच गुणामुळे माणूस फसतो. ती आठवडेच्या आठवडे उपाशी मरत असते आणि आपल्याला वाटतं, छान जगतेय.

हात लावायचा मोह झालाच, तर शेपटी धरायची नाही. शेपटीच्या मणक्यांत तुटण्यासाठीच जणू आखून ठेवलेल्या रेघा असतात. तिथे ती सुटते आणि वळवळत राहते. नवी येते, पण तिच्यात मणके नसतात, आपल्या कानात असते तशा लवचीक कूर्चेची नळी असते. आमच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात घरातल्या पालीच्या शेपटीवर कित्येक दशकं संशोधन झालंय. उजेडाचे तास कमी-जास्त केले की शेपटी वाढण्याचा वेग बदलतो, हे तिथल्याच कामातलं. भिंतीवरच्या पालीला झाडू दाखवणाऱ्या बडोदेकरांना हे ठाऊक नसतं याची मला जरा खंत आहे. शेपटीत चरबीचा साठाही असतो, त्यामुळे ती तुटणं म्हणजे घरातलं धान्याचं पोतं जाणं. आणि हात लावला तर साबणानं धुवायचे. सरपटणारे प्राणी दिसायला ठणठणीत असूनही पोट बिघडवणारे साल्मोनेला जिवाणू बाळगून असू शकतात.

एक गोष्ट कडक शब्दांत. 'मोठा सरडा' समजून कुणी घोरपडीचं पिल्लू घरी आणलं, तर तो गंमतीचा मामला उरत नाही. घोरपड १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे.

सहाव्या दिवशी तिनं नाकतोडा खाल्ला, आठव्या दिवशी दोन. पण त्याच दिवशी ती काचेला नाक घासत टाकीच्या कडेनं फिरायला लागली. काच हा अडथळा आहे हे या प्राण्यांना उमगत नाही. नाक सोलवटेपर्यंत ते घासत राहतात. भाच्यानं वहीत पहिल्यांदाच नवा शब्द लिहिला: काच. पुढचे पाच रकाने तेच. मग त्यानं आपण होऊन विचारलं, "कमाटीबागेत सोडू या?"

तिथे झाडी खूप, हे खरं. पण सरड्याची धाव कुंपणापर्यंत ही म्हण आपण हिणवायला वापरतो, आणि तिच्यात निरीक्षण मात्र पक्कं आहे. या लहान प्राण्यांचं जग थोडक्या जागेत मावतं. कोणतं बीळ कुठे, सकाळचं ऊन आधी कुठे पडतं, मांजर कुठून येतं, हे त्यांना तिथलंच ठाऊक असतं. म्हणून नवव्या दिवशी सकाळी ती जिथून उचलली होती तिथेच, पाण्याच्या टाकीमागच्या कण्हेरीखाली सोडली. ती क्षणभर थांबली आणि पाल्यात शिरली.

दुसऱ्या दिवशी साडेआठला भाचा थर्मामीटर घेऊन खाली गेला. टाकीच्या कट्ट्यावर ३४, कण्हेरीच्या पाल्याखाली २६. ती कट्ट्यावर होती, असं तो म्हणतो. मी पोचेपर्यंत तिथे कुणी नव्हतं.