घट्ट धरून ठेवण्याची शंभर वर्षं

कुत्रा घाबरला की शेपूट मागच्या पायांत ओढून घेतो. ती ओढणारे स्नायू माणसातही आहेत. आपली शेपूट गेली, माकडहाड उरलं आणि ते स्नायू ओटीपोटाच्या तळाशी झोळीसारखे पसरले. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय यांना खालून आधार देतात ते हेच. डॉक्टर त्यांना पेल्विक फ्लोअर म्हणतात. 'शेपूट घालणे' हा आपला वाक्प्रचार त्यामुळे शरीरालाही लागू पडतो. भीती वाटली, ताण आला की हा तळ आपोआप आवळतो. २००१ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी स्त्रियांना चित्रपटांतले काही तुकडे दाखवून हे मोजलं. धमकावणारं दृश्य सुरू झालं की तळाचे स्नायू घट्ट होत आणि त्यांच्यासोबत खांद्याचेही. म्हणजे ही लैंगिक गोष्ट नव्हती. संपूर्ण शरीर स्वतःचा बचाव करत होतं.

कुत्र्याचा धोका टळतो, शेपूट पुन्हा वर येते. माणसाचा कर्जाचा हप्ता, सासरचा धाक, नोकरीची टांगती तलवार वर्षानुवर्षं टळत नाही. मग तळ आवळलेलाच राहतो आणि आपल्याला ते कळतही नाही.

या भागाकडे विज्ञानाच्या नजरेनं पाहण्याच्या इतिहासात आमच्या बडोद्याचा एक धागा आहे. दांडिया बाजारातल्या जुम्मादादांच्या आखाड्याची परंपरा राजरत्न माणिकरावांनी पुढे नेली. डभोईत १८८३ साली जन्मलेले जगन्नाथ गणेश गुणे १९०७ ते १९१० या काळात त्यांच्याकडे शिकले. पुढे नर्मदाकाठच्या मालसरला परमहंस माधवदासजींकडे त्यांनी योगाचे धडे घेतले. हेच स्वामी कुवलयानंद. उड्डियान (श्वास सोडून पोट आत ओढणं) आणि नौली (पोटाचे स्नायू घुसळल्यासारखे फिरवणं) करताना पोटाच्या आत नेमकं काय घडतं, हे त्यांनी १९२० नंतरच्या वर्षांत बडोद्याच्या सरकारी रुग्णालयात विद्यार्थ्यांवर तपासून पाहिलं. १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम ही त्यांची योगसंशोधन संस्था उभी राहिली. नौलीच्या वेळी आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षाही खाली जातो, हे तिथल्या कामातून नोंदलं गेलं आणि गुरूंच्या नावावरून त्याला 'माधवदास निर्वात' म्हटलं गेलं. अभ्यास पोटाचा होता, हे खरं. पण वर श्वासपटल आणि खाली हा तळ, अशी ती एकच पोकळी आहे. श्वास घेताना श्वासपटल खाली येतं, तेव्हा तळालाही किंचित खाली सरकावं लागतं. तो आवळलेला असेल तर श्वास वरच्या वर, छातीतच अडकतो.

हठयोगातली अश्विनी मुद्रा मला इथे फार महत्त्वाची वाटते. तिच्यात गुदद्वार पुन्हा पुन्हा आवळायचं असतं आणि पुन्हा पुन्हा सैलही सोडायचं असतं. आपण पहिला अर्धा भाग उचलला आणि दुसरा विसरलो. आखाड्यातल्या मुलाला लंगोट घट्ट हवा. घरातल्या मुलीनं पोट आत घेऊन, गुडघे जोडून, अंग चोरून बसावं. सैल सोडायला तिला कुणीच शिकवलं नाही.

पाश्चात्त्य वैद्यकातही हेच झालं. अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगेल यांनी १९४८ साली बाळंतपणानंतर लघवी गळणाऱ्या स्त्रियांसाठी तळ बळकट करण्याचा व्यायाम मांडला. ज्यांचा तळ सैल पडला आहे त्यांच्यासाठी तो आजही उपयोगाचा आहे. पण पुढे तो सरसकट सगळ्यांना सांगितला जाऊ लागला. आधीच आखडलेला तळ आणखी आवळला की दुखणं वाढतं.

वास्तविक आखडण्याची नोंद त्याआधीच झाली होती. योनीचे स्नायू आपोआप आवळण्याला मॅरियन सिम्स यांनी एकोणिसाव्या शतकातच नाव दिलं होतं. १९३७ साली जॉर्ज थील यांनी माकडहाडाच्या दुखण्याचं मूळ अनेकदा या स्नायूंच्या आखडण्यात असतं असं दाखवलं आणि आतून मालीश करण्याची पद्धत सांगितली. पुरुषांचं तर आणखी उशिरा ऐकलं गेलं. ओटीपोट दुखलं, लघवीला जळजळलं की 'प्रोस्टेटला सूज' म्हणून प्रतिजैविकं दिली जात. अमेरिकेत १९९५ साली प्रोस्टेटच्या दुखण्यांची नवी वर्गवारी ठरली, तेव्हा जंतू न सापडणाऱ्या दीर्घकाळच्या दुखण्याला वेगळं स्थान मिळालं. बहुसंख्य रुग्ण याच गटातले निघतात.

आणि आपल्याकडे? चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सातवा अध्याय अडवू नयेत अशा तेरा वेगांचा, म्हणजे शरीराच्या नैसर्गिक ऊर्मींचा आहे. मूत्राचा वेग रोखला की बस्तीत (मूत्राशयात) शूळ, लघवीला कष्ट, डोकेदुखी, जांघेत ताठरपणा होतो, असं तिथे सांगितलं आहे. त्याच अध्यायात आवरायचे वेगही दिले आहेत: लोभ, शोक, भय, क्रोध. भय आवरायचं आणि लघवी अडवायची नाही, असा तो क्रम. आपण नेमका तो उलटा केला.

माझी आत्या बडोद्यातच, रावपुऱ्यात राहायची, शिक्षिका होती. शाळेतलं स्वच्छतागृह जाण्यासारखं नव्हतं, म्हणून सकाळी घरून निघाली की संध्याकाळपर्यंत लघवीला जायची नाही. पाणीही पीत नसे. पन्नाशीत तिला दर अर्ध्या तासानं जावं लागू लागलं, तरी मोकळं वाटायचं नाही. शौचाला कुंथावं लागे, कंबर भरून येई, रात्री झोप तुटे. तपासण्या निर्दोष यायच्या, तरी गोळ्या बदलत राहिल्या. शेवटी एका डॉक्टरांनी "मनाचं आहे, ताई" म्हणून परत पाठवलं. ते ऐकून ती रडली, ते मला अजून आठवतं.

मनाचं होतंच, पण स्नायूंतून उतरलेलं. गुदाशयाला मागून वेढा घालणारा एक स्नायू सैल झाल्याशिवाय शौचाची वाट सरळ होत नाही. तो आवळलेला असला की बद्धकोष्ठ होतं, मग कुंथणं, मग मूळव्याध. मूत्राशयाला खालून सतत इशारे जातात. संभोग दुखतो, आणि दुखेल या भीतीनं तळ आणखी आवळतो. झोप गेली की दुखणं सोसण्याची ताकदही जाते. लघवीतून वा शौचातून रक्त, ताप, वजन घटणं असेल तर मात्र स्नायूंवर न सोडता आधी नीट तपासणी करून घ्यायला हवी.

आत्याला अखेर एक फिजिओथेरपिस्ट भेटल्या. पहिले काही आठवडे त्यांनी तिला काहीच आवळायला लावलं नाही. उताणं झोपून गुडघे वर, हात पोटावर, आणि श्वास घेताना खालचा तळ फुलतोय का एवढंच पाहायचं. पहिल्या दिवशी तिला तिथे काही जाणवेचना. तिसऱ्या आठवड्यात तिचा फोन आला. म्हणाली, "अगं, मी इतकी वर्षं धरून बसले होते, ते आज कळलं."