वेबसाइट कळवत नाही, आपला रीडर विचारतो

फीड रीडर म्हणजे निरनिराळ्या वेबसाइटचे नवे लेख एकाच जागी दाखवणारं अ‍ॅप. त्यात एखादी वेबसाइट जोडली की नवा लेख येताच ती वेबसाइट आपल्याला कळवते, असा बहुतेकांचा समज असतो. बहुतेक वेळा घडतं ते उलट. आपला ईमेल, फोन नंबर, नाव यातलं काहीच तिच्याकडे नसतं, मग कळवणार कुणाला? दर काही मिनिटांनी किंवा तासाभराने आपला रीडरच तिच्या सर्व्हरकडे जातो आणि विचारतो, नवीन काही आलंय का?

जिथे विचारायचं ती जागा म्हणजे फीड. ही एक्सएमएलमध्ये, म्हणजे माहितीच्या प्रत्येक तुकड्याला नाव देऊन मांडायच्या पद्धतीत, लिहिलेली साधी मजकुराची फाइल. ना चित्रविचित्र रंग, ना जाहिरातींची पट्टी. प्रत्येक लेखाची एक नोंद: शीर्षक, लिंक, तारीख, थोडा किंवा पूर्ण मजकूर आणि ‘जीयूआयडी’ नावाची एक ओळखखूण. या खुणेवर बरंच काही अवलंबून असतं. संपादकाने मागाहून शीर्षकातली चूक सुधारली तरी खूण तीच राहते, म्हणून रीडर तो लेख नवा धरत नाही. याउलट एखाद्या वेबसाइटने सगळे पत्ते बदलले आणि त्यांच्यासोबत खुणाही बदलल्या, की एके सकाळी तिचे जुनेपुराणे लेख ‘न वाचलेले’ म्हणून पुन्हा रांगेत येऊन बसतात. दोष मात्र बिचाऱ्या रीडरला लागतो.

फाइलमध्ये सगळा इतिहास नसतो. वर्डप्रेस या वेबसाइट चालवायच्या सॉफ्टवेअरवर उभ्या असलेल्या वेबसाइटच्या फीडमध्ये, कुणी सेटिंग बदललं नसेल तर, शेवटचे 10 लेखच असतात. दोन फेऱ्यांच्या मध्ये पंधरा लेख आले तर पाच हुकले.

हजारो रीडर पुन्हा पुन्हा येऊन तीच फाइल उचलू लागले तर सर्व्हर मेटाकुटीला येईल. त्यावर वेबच्या नियमांतच तोड आहे. फाइल देताना सर्व्हर तिच्यासोबत ‘शेवटचा बदल अमुक वेळी’ असा शेरा किंवा ‘ईटॅग’ नावाचा एक छोटा संकेत देतो. पुढच्या फेरीला रीडर तोच परत दाखवतो. काही बदललं नसेल तर सर्व्हर 304 हा आकडा पाठवतो आणि थांबतो. फाइल पाठवतच नाही. बहुतेक फेऱ्या अशाच रिकाम्या हाताने संपतात, पण त्यांचा खर्चही नगण्य असतो.

फीडची ही सोय मार्च 1999 मध्ये ब्राउझर बनवणाऱ्या नेटस्केप कंपनीत ‘आरएसएस’ या नावाने आकाराला आली. वाचकाला नेटस्केपवरचं आपलं मुखपृष्ठ हव्या त्या वेबसाइटच्या मथळ्यांनी सजवता यावं, एवढाच हेतू होता. काम करणाऱ्यांत आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले रामनाथन गुहा होते. नेटस्केपने लवकरच अंग काढून घेतलं. पुढे डेव्ह वाइनर या सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने नोंदीला ध्वनिफाइल जोडायची सोय केली आणि 2002 मध्ये आरएसएस 2.0 ही आवृत्ती आणली. आज आपण ऐकतो ते बहुतेक पॉडकास्ट याच सोयीवर चालतात. पॉडकास्टच्या अ‍ॅपमधलं ‘फॉलो’चं बटण दाबलं की आत एक फीडच जोडलं जातं.

सोशल मीडियावर काय आधी दिसावं हे अल्गोरिदम ठरवतो. रीडरमध्ये सहसा तारखेचाच क्रम, आणि मला तो कंटाळवाणेपणाच आवडतो. तक्रार एकच: काही वेबसाइट फीडमध्ये दोनच ओळी देतात आणि पुढचं वाचायला स्वतःच्या पानावर ओढतात. त्यांचं जाहिरातीचं गणित समजतं, तरी चिडचिड होतेच.

सुरुवात करणं सोपं आहे. वेबसाइटचा पत्ता रीडरमध्ये टाकला की पानाच्या कोडमध्ये दडलेला फीडचा पत्ता तो बहुधा स्वतःच शोधतो. यूट्यूब चॅनेललाही फीड असतं. एक काळजी मात्र घ्या. गूगल रीडर 1 जुलै 2013 रोजी बंद झाला, तेव्हा अनेकांची धावपळ उडाली होती. आपण जोडलेल्या फीडची यादी ‘ओपीएमएल’ नावाच्या फाइलमध्ये उतरवून घेता येते आणि जवळपास कुठल्याही दुसऱ्या रीडरमध्ये ती जशीच्या तशी उघडते. सेटिंगमध्ये ‘एक्स्पोर्ट’ शोधा आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवा.