कॉलेज फुटबॉलच्या गॅलरीतून विद्यार्थी कसे ओसरले

अमेरिकेतला कॉलेज फुटबॉल (आपल्या ओळखीचा पायाने खेळायचा नव्हे, तर अमेरिकन फुटबॉल) मुळात विद्यार्थ्यांचा. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सीत रटगर्स आणि प्रिन्स्टन या कॉलेजांमध्ये पहिला सामना झाला, तोही विद्यार्थ्यांनीच जमवलेल्या संघांमध्ये. पुढे खेळाचे नियम पार बदलले, ओहायो स्टेट (१९२२) आणि मिशिगन (१९२७) या विद्यापीठांची अवाढव्य स्टेडियम उभी राहिली. बँड आणि उभं राहून घसा बसेपर्यंत ओरडणारी विद्यार्थ्यांची गॅलरी ही या खेळाची ओळख झाली. टेक्सास ए अँड एमचे विद्यार्थी आजही संपूर्ण सामना उभं राहून बघतात. राखीव खेळाडू म्हणून गरज पडली तर आपण तयार आहोत, ही त्यामागची १९२२ पासूनची भावना.

टीव्ही आला तेव्हाच धोका ओळखला गेला होता. घरबसल्या सामना दिसला तर मैदानावर कोण येईल, या भीतीने एनसीएए या नियामक संस्थेने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपासून प्रक्षेपणावर कडक मर्यादा घातली. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांच्या बाजूने त्याविरुद्ध खटला लढला गेला. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मक्तेदारी मोडली. तिथून चित्र पालटलं: आधी मोजके सामने दिसत, नंतर शनिवारी सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत रांगच लागली. सामना दुपारी की रात्री, हे वाहिन्या ठरवू लागल्या, आणि अनेकदा जेमतेम बारा किंवा सहाच दिवस आधी. जाहिरातींच्या थांब्यांमुळे सामना तीन तासांच्या बराच पुढे रेंगाळू लागला.

वॉल स्ट्रीट जर्नलने २०१४ मध्ये सुमारे पन्नास सरकारी विद्यापीठांची कागदपत्रं तपासली. २००९ च्या तुलनेत विद्यार्थ्यांची हजेरी ७.१ टक्क्यांनी घटलेली होती. खटला जिंकलेल्या जॉर्जियातच विद्यार्थ्यांसाठी राखलेली जवळजवळ ३९ टक्के जागा चार हंगाम रिकामी राहिली होती. एकूण प्रेक्षकही घटतच गेले. २०१८ मध्ये वरच्या गटातली दर सामन्याची सरासरी हजेरी ४१,८५६ वर आली, १९९६ नंतरची सर्वांत कमी.

याचं खापर मोबाइलवर आणि स्टेडियममधल्या रडतखडत चालणाऱ्या इंटरनेटवर फोडलं गेलं. मला ते अपुरं वाटतं. मिशिगनचंच बघा. तिथे ज्येष्ठतेनुसार जागा मिळण्याची पद्धत २०१३ मध्ये मोडली आणि हंगामी पास तीनशे डॉलरच्या घरात गेला. एका वर्षात पास घेणारे विद्यार्थी वीस हजारांच्या आसपासवरून बारा हजारांच्या आसपास आले. मुलांनी आवारात निदर्शनं केली, क्रीडा संचालकांनी ऑक्टोबर २०१४ मध्ये राजीनामा दिला आणि पुढच्या हंगामात पास स्वस्त झाला. मुलं खेळाला विटली असती, तर निदर्शनं कशाला केली असती? आपल्याला गिऱ्हाईक समजलं जातंय, हे त्यांना खुपलं होतं.

अलाबामा विद्यापीठाने २०१९ मध्ये वेगळा मार्ग धरला. मोबाइल ॲपवरून विद्यार्थी कुठे आहे हे टिपायचं, सामन्याला आल्याबद्दल १०० गुण आणि चौथ्या, म्हणजे शेवटच्या सत्रापर्यंत थांबल्याबद्दल २५० गुण द्यायचे. हे गुण मोठ्या सामन्यांच्या तिकिटांसाठी उपयोगी पडणार होते. विद्यार्थ्यांवर पाळत ठेवण्याचा हा प्रकार मला अजिबात पटत नाही. पण विद्यापीठांची काळजी खरी आहे. विद्यार्थिदशेत मैदानाशी नातं जुळलं नाही, तर पदवीनंतर तोच माणूस महागडं तिकीट काढून, देणगी देऊन परत येईल कशाला?

कोविडनंतर काही ठिकाणी गर्दी परतली. सामना आटोपशीर व्हावा म्हणून २०२३ पासून पहिल्या डाउननंतर (संघाने दहा यार्ड पुढे सरकून नव्या चार संधी मिळवल्यावर) घड्याळ थांबवणंही बंद झालं, फक्त प्रत्येक अर्ध्याची शेवटची दोन मिनिटं वगळून. पण त्याच सुमारास बिग टेन या विद्यापीठांच्या गटाचा वाहिन्यांशी सुमारे सात अब्ज डॉलरचा करार झाला होता, आणि सामन्याची वेळ ठरवताना विद्यार्थ्यांना आजही कुणी विचारत नाही.