शीतन नळ्या, मोटार इंजिनाच्या (कोकण किनारपट्टीच्या संदर्भात)

इंजिनात तापलेला द्रव रेडिएटरकडे नेणाऱ्या व निवलेला परत आणणाऱ्या नळ्या. त्यांची मांडणी परिचित असल्याने येथे फक्त द्रव्यनिवडीचा, तोही खाऱ्या हवेच्या प्रदेशापुरता, विचार केला आहे.

हा द्रव, म्हणजे कूलंट, साधारणतः ९० ते १०५° से. तापमानाला व सुमारे एक बार (जवळपास हवेच्या दाबाइतक्या) जादा दाबाखाली वाहतो. इंजिन रबरी माउंटिंगवर थरथरत असते, रेडिएटर चौकटीला बसवलेला असतो. त्यामुळे दोहोंत लवचीक दुवा लागतोच. पूर्वी तो कापडाचे थर दिलेल्या रबराचा असे. १९६० नंतरच्या दशकांत ईपीडीएम हे कृत्रिम रबर रूढ झाले. पीव्हीसी सुमारे ८०° से.लाच मऊ पडते. तो पाइप तात्पुरता म्हणूनही लावू नये.

ईपीडीएम नळी नेमकी कशाने निकामी होते, याविषयी दोन मते आढळतात. उष्णतेने रबर कडक होऊन तडकते, हे जुने मत. साधारण १९८० च्या दशकात दुसरे पुढे आले: कूलंट, रबरातील काजळी आणि टोकाचे धातूचे तोंड मिळून दुर्बल विद्युत्-घट तयार होतो व नळीच्या आतून बारीक उभ्या चिरा पडतात. या चिरा बहुधा टोकाजवळच्या काही सेंटिमीटरांत सापडतात. केवळ उष्णता कारण असती तर ही जागा ठरावीक नसती, म्हणून दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. बाहेरून धडधाकट दिसणारी नळी आंबा किंवा कुंभार्ली घाटाच्या चढावर अचानक फुटते, त्याचाही उलगडा यातून होतो. म्हणून नळी मध्यावर न दाबता क्लिपलगत (टोक आवळणाऱ्या पट्टीजवळ) दाबून पाहावी. पेरॉक्साइडने पक्के केलेले ईपीडीएम या झिजेपुढे अधिक टिकते.

सिलिकोन उष्णतेला सरस आहे; पण त्यातून पाण्याची वाफ हळूहळू झिरपते, आणि खाचांच्या साध्या क्लिपा त्यात रुततात.

इंजिन मागे व रेडिएटर पुढे असलेल्या गाड्यांत लांब पल्ल्याला धातूचा पाइप घालावा लागतो. साधे पोलाद किनाऱ्यावर बाहेरून गंजते, विशेषतः गाडीखाली, जेथे ओले मीठ साचते. गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेला) पाइप टाळावा, कारण ग्लायकॉलयुक्त (गोठणरोधक रसायन मिसळलेल्या) कूलंटमध्ये जस्त टिकत नाही. तांब्याचा दोष वेगळा आहे. त्याचे विरघळलेले कण ॲल्युमिनियमच्या रेडिएटरवर बसतात आणि धातूंचा थेट स्पर्श नसतानाही छिद्रे पाडतात. स्टेनलेस पोलादाचा ३०४ हा प्रकार सामान्यतः पुरतो. मात्र नळीखालच्या अरुंद फटीत क्लोराइड साचल्यास त्यालाही खड्डे पडतात. दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असलेला ३१६ तेथे उजवा ठरतो.

कोकणात पाण्याचा प्रश्न बाहेरच्या हवेइतकाच महत्त्वाचा आहे. जांभ्यातील विहिरीचे पाणी मृदू असले तरी तेवढ्यावरून निर्धोक ठरत नाही. खाडीकाठच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात. रेडिएटरात ऊर्ध्वपातित पाणी व गंजरोधक कूलंट घातल्यास ३०४ आणि ३१६ यांतील फरक बराचसा बाहेरच्या बाजूपुरता उरतो.

समुद्राचे पाणी खेळवणाऱ्या यांत्रिक नौकांच्या शीतन यंत्रणेत तांबे-निकेल (९०:१०) मिश्रधातू वापरला जातो. ॲल्युमिनियमचा रेडिएटर असलेल्या मोटारीत मात्र तो वर सांगितलेल्या कारणाने घालू नये.