मूस खातो पाला, फरक पडतो मातीत

'जंगलात साठलेला कार्बन म्हणजे झाडं. प्राण्यांचा हिशोब कशाला?' हे आपण शाळेपासून ऐकत आलोय. शिवाय 'शेण पडतं, म्हणजे जमीन सुपीकच होते' अशीही समजूत आहे. पृथ्वीच्या उत्तरेकडच्या थंड जंगलांत दोन्ही चुकू शकतात.

अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवरात आइल रॉयल नावाचं बेट आहे. तिथे 1940 च्या दशकाच्या अखेरीस जंगलाच्या काही तुकड्यांना कुंपण घातलं, मूस आत शिरू नयेत म्हणून. मूस म्हणजे घोड्याएवढं उंच, अवाढव्य हरीण. त्याला अ‍ॅस्पेन आणि बर्च या रुंद पानांच्या झाडांचा कोवळा पाला आवडतो. स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या राळयुक्त, सुईसारख्या पानांना तो सहसा तोंड लावत नाही. म्हणून कुंपणाबाहेर स्प्रूसचं फावलं. त्याच्या सुया कुजायला फार वेळ लागतो, म्हणजे त्यांतला नायट्रोजन मातीत परतायलाही. कुंपणाच्या आतबाहेरची माती तपासली, तेव्हा बाहेर झाडांना मिळणारा नायट्रोजन कमी निघाला, सूक्ष्मजीवही मंदावलेले. शेण पडूनसुद्धा!

आणि या उत्तरी जंगलांचा बराचसा कार्बन खोडांत नाही, जमिनीत असतो. त्यामुळे झाडं मोजून थांबणं मला तरी अपुरं वाटतं. अर्थात दुसऱ्या जंगलात, दुसऱ्या प्राण्यामुळे उलटंही घडू शकतं.