आपत्तीकाळातलं रेडिओ प्रसारण

पूर, भूकंप, वादळ असलं काही आलं की लाइट, रस्ता, मोबाईल एकामागोमाग एक बंद पडत जातात आणि अशा वेळी पाण्याची पातळी, बंद झालेले रस्ते, निवारा कुठं केलाय, पिण्याचं पाणी कुठं मिळतंय ही माहिती रेडिओवरनं लोकांना सांगत राहायचं जे काम चालतं, त्याला आपत्तीकाळातलं रेडिओ प्रसारण म्हणतात. ह्यात दोन गोष्टी हमखास एकात मिसळल्या जातात. एक म्हणजे सगळ्यांनी ऐकायचं प्रसारण, म्हणजे आकाशवाणी, खासगी एफएम, कम्युनिटी रेडिओ. दुसरी म्हणजे दोघांनी एकमेकांशी बोलायचा वायरलेस, पोलिसांचा, बचाव पथकांचा, हॅमवाल्यांचा म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचा. पहिल्यात बोलणारा एक आणि ऐकणारे लाखभर, दुसऱ्यात एकानं "ओव्हर" म्हणेपर्यंत समोरच्यानं गप्प बसायचं. ही नोंद मुख्यतः पहिल्याबद्दल आहे, दुसरं मध्ये येईलच, आणि उदाहरणं कोल्हापूरची घेतलीत कारण इथं ह्या सगळ्याची परीक्षा पंचगंगा नदी अधूनमधून घेतच असते.

कोल्हापूरचा पूर आणि त्याचे आकडे

इथला पूर फुटा-इंचात मोजतात. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट झालं की इशारा पातळी, ४३ फूट म्हणजे धोका पातळी, हे दोन आकडे पावसाळ्यात शाळेतल्या पोरालाबी पाठ असतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि २०२१ च्या जुलैत ५६ च्याही वर, दोन्ही वेळेला पुणे-बेंगळुरू हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि शहर बाहेरून तुटलं. पण नुसता आकडा ऐकून कुणी गाद्या-गिरद्या वर चढवत नाही, गल्लीतला माणूस त्या फुटांचा आपला हिशोब लावतो, की जामदार क्लबपाशी आलंय का, गायकवाड वाड्याला टेकलंय का, मग आपल्या दारात कधी. सुतारवाड्यातल्या लोकांना तर आकड्याची गरजच पडत नाही, त्यांचं बिऱ्हाड सगळ्यात आधी हलतं.

दुसरा आकडा राधानगरीचा. ह्या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, तलाव भरला की पाण्याच्या दाबानंच उघडतात, कुणा साहेबाच्या सहीची वाट बघत नाहीत. एका दरवाज्यातनं १४२८ क्युसेक पाणी पडतं, एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर, म्हणजे एका दरवाज्यातनं सेकंदाला चाळीस हजार लिटर, दहा हजारवाले चार टँकर डोळ्याची पापणी लवते न लवते तोवर. ते पाणी शहरापर्यंत यायला काही तास लागतात आणि रेडिओची खरी कमाई ह्या काही तासांत आहे.

तिसरा आकडा म्हणजे किती बंधारे पाण्याखाली. बाहेरच्या माणसाला ह्यात काय एवढं असं वाटेल, पण कोल्हापूर पद्धतीचे बंधारे नुसतं पाणी अडवत नाहीत, कित्येक गावांचा तोच नदी ओलांडायचा रस्ता असतो, त्यामुळं बंधारा बुडाला म्हणजे दुधाची गाडी, शाळा, दवाखाना सगळं लांबच्या वाटेनं. रेडिओवर बंधाऱ्यांची नावं वाचून दाखवतात तेव्हा शहरातला माणूस कंटाळतो आणि गावाकडचा कान टवकारतो.

वेळ सांगणं

माझ्या मते रेडिओचा सगळ्यात मोठा गुण वेगाचा नाहीच, वेगात व्हॉट्सॲप त्याला कधीच मागं टाकतं. गुण असा की रेडिओवरचं वाक्य बोलून झालं की संपलं, ते फॉरवर्ड होत नाही. २०२१ ला पाणी चढत असताना २०१९ चे व्हिडिओ आजचे म्हणून ग्रुपवर फिरत होते, त्यातल्या बोटी खऱ्या, पाणी खरं, फक्त साल दोन वर्षं जुनं. "धरण फुटलं" हा मेसेज तर दर पुरात कुणीतरी सोडतंच. निवेदिका मात्र "सकाळी आठ वाजता राजाराम बंधाऱ्यावर" असं म्हणूनच आकडा सांगते, नऊला परत सांगते तेव्हा आठचा आकडा मेलेला असतो. पुराच्या बातमीत "कधीची" हा शब्द सगळ्यात महागाचा आहे आणि तो रेडिओच्या घडणीतच आहे.

२०१९ ला आमच्या मामाच्या घरी हे जवळनं बघितलं. खालचा मजला पाण्यात, वर तीन बिऱ्हाडं, लाइट नाही, मोबाईल दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळ्यांचे मेले. मामीनं माळ्यावरनं आज्जीचा ट्रान्झिस्टर काढला, मागचं झाकण उघडलं तर आतले सेल फुटून सुटलेलं पाणी वाळून स्प्रिंगवर हिरवट-पांढरी पुटं चढलेली. काड्यापेटीच्या खरखरीत बाजूनं घासून घासून ती साफ केली, मग सेल कुठनं आणायचे, तर हॉलमधल्या घड्याळातला एक आणि स्वयंपाकघरातल्या घड्याळातला एक. रेडिओ लागला, दोन्ही घड्याळं थांबली. त्यानंतर घरात वेळ म्हणजे रेडिओ सांगेल ती. शेजारचे काका कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं पातळी आणि वेळ लिहून ठेवायचे, चार नोंदी झाल्यावर त्यांनी बोट ठेवून सांगितलं, चढायचा जोर कमी आलाय बघा, मगाशी तासाला जेवढं चढत होतं तेवढं आता तीन तासांत चढतंय. पाणी अजून वाढतच होतं पण त्या रात्री पोरं झोपली. त्याच वेळी रेडिओचा काटा थोडा सरकला की दुसऱ्या एका स्टेशनवर आधीच रेकॉर्ड करून ठेवलेली दुकानाच्या पावसाळी डिस्काउंट सेलची जाहिरात वाजत होती, तीही दर अर्ध्या तासाला. मामा प्रत्येक वेळी एकच शिवी द्यायचा.

चालतं कसं

मोबाईलमध्ये टॉवरला प्रत्येकाशी वेगळं बोलावं लागतं, त्यामुळं सगळं गाव एकदम फोन लावायला गेलं की जाम होतं, आणि टॉवरची बॅटरी संपली, जनरेटरचं डिझेल संपलं की विषयच संपला. रेडिओला ऐकणारे दहा असोत की दहा लाख, ट्रान्समीटरला फरक पडत नाही. सगळं जिल्हाभर पसरलेलं सांभाळायची गरज नाही, एक मनोरा, एक स्टुडिओ आणि एका जनरेटरचं डिझेल सांभाळलं तरी पुरतं, अर्थात तेवढं तरी सांभाळावं लागतंच, ट्रान्समीटर सखल जागी असेल तर तोही बुडतो.

मीडियम वेव्ह आणि एफएम ह्यातला फरक इथं कामाचा आहे. मीडियम वेव्हची लहर जमिनीला धरून लांब जाते, डोंगराआडही थोडीफार पोचते, आवाज खरखरतो पण येतो. सांगली आकाशवाणी १९६३ ला सुरू झाली, तिची १२५१ किलोहर्ट्झची मीडियम वेव्ह ह्या भागात शेतात, गोठ्यात, न्हाव्याच्या दुकानात वर्षानुवर्षं लागायची. एफएम स्वच्छ ऐकू येतं पण ते सरळ रेषेत जातं, मध्ये डोंगर आला की सावली पडते. आकाशवाणी कोल्हापूर १०२.७ वर आहे, खासगीपैकी टोमॅटो ९४.३ आणि मिरची ९८.३, शहरात सगळी कडक लागतात पण गगनबावडा, शाहूवाडीच्या खोऱ्यांत उतरलात की आवाज ये-जा करतो, आणि पाऊस सगळ्यात जास्त तिकडंच पडतो हा त्यातला वाईट भाग.

नियम

भारतात खासगी एफएमवाल्यांना स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगी नाही, आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं तेवढंच. त्यामुळं पुरातही ह्यांनी गाणीच लावायची असतात असा एक समज आहे, तो चुकीचा. खासगी एफएमसाठीच्या २०११ च्या तिसऱ्या टप्प्याच्या सरकारी धोरणात हवामान, ट्रॅफिक, वीज-पाणीपुरवठा, नैसर्गिक आपत्ती, आरोग्याचे इशारे ही स्थानिक प्रशासनानं दिलेली माहिती बातमीत धरलेली नाही, ती बिनधास्त सांगता येते. म्हणजे आरजेनं जिल्हा आपत्ती कक्षाकडनं पातळी घेऊन दर तासाला सांगितली तर कुठलाच नियम मोडत नाही. कक्षाचा नंबर १०७७, हा बऱ्याच जणांना रेडिओवरच ऐकून माहीत झालाय.

कम्युनिटी रेडिओला आधी फक्त शिक्षणसंस्थांना परवानगी होती, २००६ पासून स्वयंसेवी संस्थांनाही मिळायला लागली. ताकद कमी, साधारण १०० वॅट, दहा-पंधरा किलोमीटर ऐकू जातं. ऐकायला थोडं वाटतं पण चिखली, आंबेवाडी किंवा शिरोळ तालुक्यातल्या एखाद्या गावाला पूर्ण जिल्ह्याची बातमी नकोच असते, बोट कुठल्या देवळापाशी लागणार एवढंच हवं असतं.

बाहेरचे अनुभव

रेडिओचा जन्मच संकटाच्या हाकेशी जोडलेला आहे, एसओएस हा संकेत १९०६ च्या बर्लिनच्या परिषदेत ठरला आणि १९१२ ला टायटॅनिकवरनं तो गेला तेव्हा त्याची किंमत जगाला कळली, पण ती जहाजांची गोष्ट. अमेरिकेनं १९५१ मध्ये हवाई हल्ल्याच्या भीतीनं एक यंत्रणा काढली, इशारा झाला की बाकी स्टेशनं बंद आणि फक्त ६४० व १२४० किलोहर्ट्झ चालू, त्या काळातल्या तिकडच्या रेडिओच्या डायलवर ह्या दोन जागी छोटे त्रिकोण छापलेले असायचे. आंधळ्यालाही सापडेल असं काहीतरी सेटवरच करून ठेवायचं, ही कल्पना मला जाम आवडते.

सगळ्यात शिकण्यासारखं जपानचं आहे. १९९५ च्या कोबे भूकंपानंतर त्यांनी आपत्तीपुरतं तात्पुरतं एफएम स्टेशन काढायला झटपट परवाना द्यायची पद्धत सुरू केली, म्हणजे गावानंच महापालिकेच्या इमारतीत एक खोली घ्यायची, छोटा ट्रान्समीटर लावायचा आणि आंघोळीची सोय कुठं, कुठलं दुकान उघडलं, कुठल्या शाळेत कोण उतरलंय हे दिवसभर वाचायचं. २०११ च्या त्सुनामीनंतर अशी कितीतरी स्टेशनं उभी राहिली आणि काही वर्षानुवर्षं चालली. आपल्याकडं पूर ओसरायच्या आत असा परवाना हातात पडेल का ह्यावर मी काही बोलत नाही.

२००५ ला कतरिना वादळात न्यू ऑर्लिन्सचं डब्ल्यूडब्ल्यूएल हे स्टेशन चालू राहिलं आणि छपरावर अडकलेले लोक थेट स्टुडिओत फोन करून पत्ता सांगायला लागले. २०१० च्या हैतीच्या भूकंपात पोर्त-ओ-प्रिन्समधलं सिग्नल एफएम हवेत टिकलं, ते तिथल्या लोकांचं हरवले-सापडलेचं ठिकाण झालं. युनेस्कोनं १३ फेब्रुवारी हा जागतिक रेडिओ दिवस ठरवलाय, २०१६ ला त्याचा विषय हाच होता, आपत्ती आणि आणीबाणीतला रेडिओ.

हॅम रेडिओ

हौशी रेडिओवाले म्हणजे हॅम, परीक्षा देऊन सरकारी लायसन घेतलेली माणसं, प्रत्येकाला स्वतःचं कॉलसाईन, म्हणजे रेडिओवर ओळख सांगायचं सांकेतिक नाव. २००१ च्या भुजच्या भूकंपात टेलिफोन बसले तेव्हा ह्यांनी निरोप पोचवले. २००४ च्या डिसेंबरात त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद ह्या हॅम त्यांच्या टीमबरोबर योगायोगानं अंदमानातच होत्या, आल्या होत्या लांबलांबच्या हॅमशी बोलायचा छंद म्हणून आणि पोर्ट ब्लेअरचा बाकी जगाशी संपर्क सांभाळत बसल्या. ह्या प्रकाराचा तोटा एकच, ऐकणारा सामान्य माणूस ह्यात नाही. हॅमनं आणलेला निरोप प्रशासनाला कळतो, गल्लीत पोचवायला परत साधा रेडिओ किंवा रिक्षावरचा भोंगाच लागतो.

सेट

२०२३ ला केंद्र सरकारनं सगळ्यांच्या मोबाईलवर कर्कश आवाजात इशाऱ्याची चाचणी केली, तेव्हा बसमध्ये सगळे फोन एकदम केकाटले आणि अर्ध्या लोकांना फोन हॅक झाला वाटलं. ते सेल ब्रॉडकास्ट, म्हणजे टॉवरनं आपल्या टप्प्यातल्या सगळ्या फोनना एकदम पाठवायचा इशारा, गर्दीनं जाम होत नाही पण टॉवर जिवंत लागतो. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सरकारनं मोबाईल बनवणाऱ्या कंपन्यांना सूचना काढली की फोनमधला एफएम रिसीव्हर बंद करून ठेवू नका, कारण आपत्तीत तो लागतो. मेख अशी की फोनमधल्या एफएमला अँटेना म्हणून इअरफोनची वायर लागते आणि नव्या फोनला पुष्कळदा ती घालायचं भोकच नसतं. आणि ॲपवर ऐकतात तो रेडिओ नव्हे, ते इंटरनेट, टॉवर गेला की ते पण गेलं.

साधा ट्रान्झिस्टर दोन पेन्सिल सेलवर रोज तास-दोन तास ऐकला तर कित्येक दिवस जातो. दुकानात आता मागायला गेलं तर पेन ड्राइव्ह, ब्लूटूथ, रंगीत लाइटवाला देतात, तो चार्जिंगवरचा असतो, सेलवरचा पाहिजे म्हणून भांडून घ्यावा लागतो. एफएमबरोबर मीडियम वेव्हचा पट्टा आहे का ते बघायचं. वापरत नसताना सेल आत ठेवायचे नाहीत, काढून सेटलाच रबर लावून वेगळे बांधायचे, नाहीतर काड्यापेटी घासत बसावं लागतं. मामीच्या घरी आता तो ट्रान्झिस्टर माळ्यावर नसतो, फ्रीजवर असतो, शेजारी सेलचं न फोडलेलं पाकीट, आणि जूनमध्ये ती एकदा लावून बघते, लागला की बंद करते.