चहातलं बाद्यान आणि फ्लूची कात्री

कानबाईचं, म्हणजे आमच्या खानदेशातल्या श्रावणातल्या देवीचं, विसर्जन सोमवारी झालं आणि मंगळवारी धुळ्यातलं आमचं ऑफिस पुन्हा भरलं. रविवार-सोमवार अर्धं ऑफिस गावाकडे होतं. प्रसादाचे रोट खायला एकेका घरात तीस-चाळीस भाऊबंद, रात्रभर जागरण, बाहेर श्रावणाची झड म्हणून दारं-खिडक्या लावलेल्या. गुरुवारी दुपारी लेखाविभागातल्या आप्पांनी टेबलावर डोकं टेकलं आणि म्हणाले, "भाऊ, माले थंडी वाजी राहिनी." शुक्रवारी दोन खुर्च्या रिकाम्या होत्या, पुढच्या सोमवारी पाच. आमचा हॉल चौदा जणांचा.

मग धास्ती बसली. कुणी खोकललं की सगळ्या माना तिकडे वळायच्या. एकीने गळ्यात ओवा-कापराची पुरचुंडी बांधली. एकाने डब्यातलं केळं परत घरी न्यायला सुरुवात केली, केळ्याने सर्दी होते म्हणून. आणि चहावाल्या मावशी चहात बाद्यान टाकू लागल्या. बाद्यान म्हणजे चक्रफूल, आपल्या काळ्या मसाल्यातलं. त्याला कारण मोबाइलवर फिरणारा एक मेसेज होता: फ्लूवरची महागडी गोळी बाद्यानापासूनच बनते, कंपन्या हे लपवतात, रोज तीन फुलं उकळून प्या.

या मेसेजमधलं पहिलं वाक्य खरं आहे, म्हणूनच तो धोक्याचा आहे. ओसेल्टामिविर, म्हणजे टॅमिफ्लू या नावाने बाजारात आलेलं औषध, खरोखरच बाद्यानातल्या शिकिमिक आम्लापासून तयार करत आले आहेत. यात लपवण्यासारखं काही नाही. पण त्या आम्लाचं पुढे काय होतं आणि ते औषध विषाणूच्या नेमक्या कुठल्या अवयवावर बसतं, हे कळलं की उकळलेल्या फुलाकडून कुणी ती अपेक्षा ठेवणार नाही. मी बीएस्सीला सूक्ष्मजीवशास्त्र घेतलं होतं. तेव्हापासून या विषाणूची यंत्रणा मला भुरळ घालत आली आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

एच१एन१, एच३एन२ ही नावं आपण बातम्यांत ऐकतो. यातला एच म्हणजे हिमॅग्लुटिनिन आणि एन म्हणजे न्यूरामिनिडेज. ही दोन प्रथिनं विषाणूच्या अंगावर काट्यांसारखी उभी असतात. विषाणू असतो साधारण १०० नॅनोमीटरचा. असे दहा हजार विषाणू ओळीने मांडले तर एक मिलिमीटर भरेल. एवढ्याशा अंगावर एचचे तीनशेच्या आसपास आणि एनचे पन्नासच्या आसपास काटे असतात. एचचं काम चिकटण्याचं, एनचं काम सोडवण्याचं.

हे पहिल्यांदा लक्षात आलं ते एका लहानशा अपघातातून. १९४१ साली न्यूयॉर्कला रॉकफेलर फाउंडेशनच्या प्रयोगशाळेत जॉर्ज हर्स्ट हे शास्त्रज्ञ कोंबडीच्या अंड्यांत फ्लूचा विषाणू वाढवत होते. अंड्यातलं पाणी काढताना पिल्लाची बारीक रक्तवाहिनी फाटली आणि थोडं रक्त त्यात मिसळलं. तांबड्या पेशींचे पुंजके झाले. हे रक्त गोठणं नव्हतं, पेशी एकमेकींना चिकटल्या होत्या, आणि त्यांना चिकटवणारा विषाणू होता. दुसऱ्या एखाद्याने बिघडलेलं अंडं म्हणून ते टाकून दिलं असतं. हर्स्ट बघत राहिले. मिश्रण थंड ठेवलं की पुंजके तसेच राहत, शरीराच्या तापमानाला आणलं की काही वेळाने आपोआप सुटत. सुटलेल्या पेशींवर ताजा विषाणू टाकला तरी त्या पुन्हा चिकटत नसत. उलट त्यांच्यापासून सुटलेला विषाणू मात्र नव्या पेशींना मजेत चिकटे. म्हणजे विषाणू जाताना पेशीवरचं काहीतरी कापून नेत होता.

ते 'काहीतरी' म्हणजे सियालिक आम्ल नावाची साखर. आपल्या पेशींच्या अंगावर साखरेच्या साखळ्या लोंबत असतात आणि त्यांच्या टोकाला बऱ्याचदा ही साखर असते. एचचा काटा तिला पकडतो. शेतातून येताना धोतराला गोखरू चिकटावं, तसं.

आता खरी गंमत. आपल्या नाकातला शेंबूडही याच साखरेने भरलेला असतो. श्वासातून आलेल्या विषाणूला आधी तोच भेटतो, आणि विषाणू त्यालाच पेशी समजून चिकटतो. नाकाच्या आणि श्वासनळीच्या पेशींवरचे बारीक केस तो शेंबूड सतत घशाकडे ढकलत असतात. तिथून तो गिळला जातो आणि पोटातल्या आम्लात सगळं संपतं. म्हणजे नुसत्या चिकटणाऱ्या विषाणूला आपण दिवसभर गिळून टाकत असतो. म्हणून त्याला एनची कात्री लागते. सियालिक आम्लाचं टोक कापायचं, पुढे सरकायचं, पुन्हा चिकटायचं, पुन्हा कापायचं, असं करत तो शेंबडातून पेशीपर्यंत पोचतो. एचची पकड फार घट्ट झाली तर तो अडकतो, कात्री फार धारदार झाली तर पेशीवर टिकत नाही. दोन्हींचा तोल ज्याला साधतो, तोच विषाणू साथ पसरवतो.

पेशीवर बसल्यावर पुढचं काम पेशीच करते. ती विषाणूला एका फुग्यात गुंडाळून आत घेते आणि सवयीप्रमाणे तो फुगा आंबट करत जाते. सामू (पीएच, जितका कमी तितकं आंबट) साधारण ५ ते ५.५ पर्यंत उतरतो, ताकाहून थोडा कमी आंबट. विषाणू याचीच वाट बघत असतो. एचच्या दांड्यात एक टोक घडी घालून लपवलेलं असतं. आंबटपणा वाढला की काट्याचं डोकं बाजूला होतं, दांड्यातला सैल वळसा ताठ होऊन लांब मळसूत्र बनतं आणि ते लपलेलं टोक फुग्याच्या भिंतीत रुततं. मग पूर्ण काटा केसांच्या पिनेसारखा मधोमध दुमडतो. विषाणूचं आवरण आणि फुग्याची भिंत एकमेकांवर ओढली जातात, मिसळतात आणि भोक पडतं. त्यातून विषाणूची आठ जनुकीय तुकड्यांची शिदोरी आत उतरते आणि थेट पेशीच्या केंद्रकात जाते. ही स्प्रिंग एकदाच उडते. चुकीच्या जागी उडाली तर तो काटा वाया गेला.

शिवाय ही स्प्रिंग आपोआप ताणलेली नसते. एचचं प्रथिन आधी एका ठरावीक जागी कापलं जावं लागतं, आणि ते कापणारी विकरं (एन्झाइम) आपलीच असतात. नेहमीच्या फ्लूला चालणारी विकरं मुख्यतः श्वसनमार्गात मिळतात, म्हणून हा आजार बहुधा नाक, घसा आणि छातीपुरता राहतो. अंगभर जी कणकण आणि ठणका जाणवतो, तो बराचसा आपल्याच प्रतिकारशक्तीने सोडलेल्या रसायनांमुळे.

काही तासांत त्या पेशीतून हजारो नवे विषाणू बाहेर पडू लागतात. बाहेर पडताना पेच तोच. पेशीच्या अंगावर सियालिक आम्ल आहेच, म्हणून नवे विषाणू तिलाच आणि एकमेकांना चिकटून बसतात. कात्री चालली तरच शेजारच्या पेशीकडे आणि पुढे शेजारच्या टेबलाकडे जाता येतं. ओसेल्टामिविर नेमकं इथे काम करतं. ते कात्रीच्या पात्यांमधल्या खाचेत सियालिक आम्लाच्या जागी जाऊन बसतं आणि हलत नाही. म्हणून ते पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर उपयोग जास्त. नंतर बरेचसे विषाणू आधीच सुटून गेलेले असतात. धडधाकट माणसाचा आजार त्याने साधारण एक दिवसाने कमी होतो. गरोदर बाई, पासष्टीपुढची माणसं, मधुमेह किंवा दमा असलेले यांच्यासाठी ते जास्त मोलाचं, पण डॉक्टरांनी दिलं तरच.

आणि बाद्यान? त्यातलं शिकिमिक आम्ल हा फक्त कच्चा माल. त्यावर दहाएक रासायनिक क्रिया झाल्या की त्या खाचेत बसेल असा रेणू तयार होतो. आता हे आम्ल जिवाणूंकडूनही बनवून घेतात, फुलाची गरज पडतेच असं नाही. कपाशीचं बोंड गळ्यात बांधून अंगात सदरा आला असं आपल्याकडचा शेतकरी म्हणणार नाही. शिकिमिक आम्ल कात्रीच्या खाचेत अडकत नाही, मग ते कितीही उकळा. वर एक सावधगिरी: हुबेहूब बाद्यानासारखं दिसणारं जपानी चक्रफूल विषारी असतं आणि त्याची भेसळ काही देशांत सापडलेली आहे. मूठ-मूठ फुलांचे काढे पिऊ नका, मुलांना तर मुळीच देऊ नका.

एच आणि साखरेचं हे नातं आपल्या खानदेशात एकदा फार जवळून दिसलं. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातला पहिला बर्ड फ्लू नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला सापडला. एच५एन१. शेडमध्ये कोंबड्यांचे ढीग पडले आणि लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. कोंबड्या इतक्या झपाट्याने का मेल्या? त्या विषाणूच्या एचवरची कापायची जागा अशी बदललेली होती की जवळपास प्रत्येक अवयवात असणारं विकर ती कापू शकत होतं. स्प्रिंग सगळीकडे ताणली गेली. आणि कोंबड्या हाताळणाऱ्या माणसांना? त्यांचे नमुने तपासले, कुणालाही लागण आढळली नाही. याचं एक मोठं कारण साखरेच्या जोडणीत आहे. पक्ष्यांत सियालिक आम्ल पुढच्या साखरेला तिसऱ्या कार्बनवर जोडलेलं असतं, आपल्या नाका-घशात प्रामुख्याने सहाव्या कार्बनवर. पहिली जोडणी सरळ, दुसरी वाकडी. पक्ष्यांच्या विषाणूचा काटा सरळ जोडणी पकडायला घडलेला असतो. तसली जोडणी आपल्याकडे फुप्फुसात खोलवर आहे, म्हणून लागण सहसा होत नाही, पण झाली तर जिवावर बेतते. नवापूर आणि आपल्यामध्ये एका कार्बनचं नाही, तीन कार्बनांचं अंतर होतं.

आता ऑफिसकडे येतो. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत एक ते चार दिवस, बहुतेक वेळा दोन. लक्षणांच्या आदल्या दिवसापासूनच माणूस विषाणू सोडायला लागतो. म्हणजे आप्पांनी गुरुवारी डोकं टेकलं, पण बुधवारी हसत-खेळत हिशेब लावताना ते विषाणू वाटत होते. खोकणाऱ्याकडे माना वळवून आम्ही उशिराच बघत होतो.

त्यांनी सोडलेल्या थेंबांचं काय झालं? दीड मीटर उंचीवरून १०० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेंब पाचएक सेकंदांत जमिनीवर येतो. ५ मायक्रॉनचा कण अर्धा तास तरंगतो. १ मायक्रॉनच्या कणाला स्थिर हवेत बारा तास लागतात, म्हणजे ऑफिसची पूर्ण पाळी उलटून जाते. १९७७ साली अलास्कात एका विमानाच्या इंजिनात बिघाड झाला. ५४ जण विमानात होते, हवा खेळती ठेवणारी यंत्रणा बंद होती आणि विमान सुमारे तीन तास तसंच उभं राहिलं. आत एकच बाई फ्लूने आजारी होती. पुढच्या ७२ तासांत ७२ टक्के प्रवासी आजारी पडले, आणि जे जास्त वेळ आत बसले त्यांच्यात प्रमाण जास्त होतं.

आमचा हॉल पावसाळ्यात त्या विमानासारखाच असतो. खिडक्या बंद आणि भिंतीवर स्प्लिट एसी. थंड वारा लागतो म्हणजे ताजी हवा येते, असा आमच्याकडे सगळ्यांचा समज होता. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेतच नाही, खोलीतलीच हवा थंड करून परत सोडतो. आप्पांचा श्वास दिवसभर चौदा जणांत फिरत होता. हात धुणं चांगलंच, पण आमच्याकडे कीबोर्ड तीन वेळा पुसले जात होते आणि खिडकी एकदाही उघडली नव्हती.

केळ्याचंही सांगून टाकतो, कारण जळगावच्या शेजारी राहून हे ऐकवत नाही. केळ्यात फ्लूचा विषाणू नसतो आणि केळं खाल्ल्याने तो येत नाही. कापराचा वास नाकाला थंड वाटतो, त्याने नाक मोकळं झाल्यासारखं होतं, पण एचची पकड सुटत नाही. आणि दोन दिवसांचा ताप घेऊन "एक सलाईन लावा, अँटिबायोटिक लिहून द्या" असा डॉक्टरांना आग्रह करू नका. अँटिबायोटिक जिवाणूंना मारतं. विषाणूला ना जिवाणूची भिंत, ना त्याची यंत्रसामग्री, मग ते मारणार काय? घरी राहा, पाणी प्या, ताप उतरल्यावर औषधाशिवाय चोवीस तास जाऊ द्या आणि मग कामावर या. दम लागला, छातीत दुखलं किंवा उतरलेला ताप परत चढला तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा. लस दरवर्षी घ्यावी लागते कारण एचचं डोकं दरवर्षी थोडं बदलतं. लशीची फिरणाऱ्या विषाणूशी जुळणी चांगली झाली त्या वर्षी ती दवाखान्यात जाण्याची वेळ ४० ते ६० टक्क्यांनी कमी करते. मी ती मेअखेरीस, पावसाळ्याच्या तोंडावर घेतो. आपल्या महाराष्ट्रात फ्लूचा मोठा भर पावसाळ्यात येतो, दुसरा जानेवारी ते मार्च.

बुधवारी शिपाईमामांनी आणि मी पूर्वेकडच्या खिडकीची गंजलेली खिटी खोबरेल तेल टाकून सोडवली. समोरच्या भिंतीतली दुसरी खिडकी सहज उघडली. दोन्ही वीतभर उघड्या ठेवल्या तेव्हा टेबलावरचे चलनाचे कागद उडू लागले आणि त्यांच्यावर पंच ठेवावा लागला. झड आत येते म्हणून फाइलींचं कपाट दोन फूट सरकवलं. एसी चालूच आहे, थोडी वीज जास्त जाईल.

आप्पा आठव्या दिवशी परत आले, अजून थकलेले. त्यांना आम्ही खिडकीजवळची खुर्ची दिली. त्यांनी डब्यातून दोन केळी काढली आणि एक मला दिलं. मावशींचा चहा आला. बाद्यान अजून त्यात असतं, एका किटलीला एक फूल, वेलदोड्यासारखं चवीपुरतं.